शहर पाहायचं म्हणजे नेमकं काय पाहायचं?

(छत्रपती संभाजीनगर येथील जाहीर व्याख्यानाचे शब्दांकन)

पत्रिकेवरचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, की तत्त्वज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक आता सहली काढायला लागले. तसं समजायला माझी हरकत नाही. प्रवास आणि तत्त्वज्ञान या दोघांचं मूळ एकच आहे. 'हे काय आहे?' असं विचारल्याशिवाय दोन्ही सुरू होत नाहीत.

हल्ली सुट्टीत आपली माणसं पार स्कॉटलंडपर्यंत जातात. कुणाची मुलगी तिथे शिकते, कुणाचा मुलगा नोकरीला असतो. एडिनबरोला जायचं ठरलं की यादी तयार होते: खडकावरचा किल्ला, तिथून हॉलिरूड राजवाड्यापर्यंत उतरत जाणारा रॉयल माइल रस्ता, आर्थर्स सीट नावाची टेकडी. तिकडचा माणूस आपल्याकडे येतो, तेव्हा त्याच्याही खिशात यादी असते: अजिंठा, वेरूळ, दौलताबाद, मकबरा, पाणचक्की. प्रत्येक नावापुढे खूण केली, फोटो काढला, की गाडी पुढच्या गावाला.

माझा प्रश्न एवढाच आहे. यादीतलं सगळं पाहून झालं, तरी शहर पाहिलं का? आणि हा प्रश्न फक्त पाहुण्यांसाठी नाही. आपण इथे जन्म काढला, आपण तरी पाहिलं का?

या प्रश्नाचं उत्तर शोधायला फार लांब जायला नको. आपल्या शहरात नागसेनवन आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं इथे १९५० साली महाविद्यालय काढलं. पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. तुम्ही रोज त्या रस्त्यानं जाता, पण मिलिंद कोण आणि नागसेन कोण, हे कितीजण थांबून विचारतात? मिलिंद म्हणजे मिनँडर, यवन राजा. नागसेन म्हणजे बौद्ध भिक्खू. त्या दोघांचा संवाद 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात आहे. राजा प्रश्न विचारतोय आणि भिक्खू न घाबरता उत्तर देतोय, अशा संवादाचं नाव बाबासाहेबांनी विद्येच्या परिसराला दिलं. माझ्या मते पर्यटकांच्या यादीत हे नाव पहिल्या पाचात असायला हवं.

त्या संवादात रथाचा दाखला आहे. राजा रथात बसून आलेला. नागसेन त्याला विचारतात, रथ कोणता ते दाखव. चाक म्हणजे रथ का? नाही. आस म्हणजे रथ का? नाही. जू, दांडा, चौकट? यातलं काहीच रथ नाही. मग हे सगळं बाजूला काढून ठेवलं तर काही उरतं का? तेही नाही. शेवटी राजा कबूल करतो, की हे भाग एका विशिष्ट रीतीनं एकमेकांशी जोडलेले असले, म्हणजे आपण त्याला रथ म्हणतो. नागसेनांना हे माणसाविषयी सांगायचं होतं. मी आज ते शहराला लावतो. दरवाजा म्हणजे शहर नाही, मकबरा म्हणजे शहर नाही, लेणी म्हणजे शहर नाही. ते एकमेकांना कसे जोडलेले आहेत, हे दिसलं तरच शहर दिसलं.

गंमत बघा, असाच विचार पुढे एडिनबरोतही झाला. डेव्हिड ह्यूम हा तिथला थोर तत्त्वज्ञ, जन्म १७११, मृत्यू १७७६. तो म्हणाला, मी स्वतःच्या आत डोकावतो तेव्हा मला कधी थंडी सापडते, कधी ऊब, कधी राग, कधी आनंद. 'मी' नावाची वेगळी वस्तू काही सापडत नाही. अनुभवांची एक जुडी तेवढी सापडते. रॉयल माइलवर ह्यूमचा पुतळा आहे. परीक्षेत यश मिळावं म्हणून विद्यार्थी त्याच्या पायाचा अंगठा चोळतात, आणि तो अंगठा चकचकीत झालाय. आयुष्यभर अंधश्रद्धेवर टीका केलेल्या माणसाच्या वाट्याला हे आलं! तुम्ही गेलात तर अंगठा चोळा, पण त्याचं म्हणणंही लक्षात ठेवा.

त्याच रस्त्यावर, किल्ल्याच्या अगदी जवळ, एक उंच इमारत आहे. पॅट्रिक गेडिस या स्कॉटिश विचारवंतानं ती १८९२ साली ताब्यात घेतली आणि तिला 'आउटलुक टॉवर' असं रूप दिलं. हे गेडिस आपल्याला परके नाहीत. १९१४ साली ते भारतात आले, इथल्या अनेक शहरांचे अहवाल त्यांनी लिहिले आणि १९१९ पासून काही वर्षं मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवलं. गो. स. घुर्ये हे त्यांचे विद्यार्थी. तर या टॉवरमध्ये त्यांनी पाहुण्यांसाठी एक क्रम लावला होता. आधी थेट वर जायचं, गच्चीवरून शहर एकसंध पाहायचं. मग एकेक मजला उतरायचा. पहिल्यांदा एडिनबरो, खाली स्कॉटलंड, आणखी खाली युरोप, सर्वांत खाली जग. आधी नातं आणि मग तपशील, असा तो क्रम.

आपल्या शहरातही असा टॉवर आहे. तो कुणी बांधावा लागला नाही. उत्तरेच्या डोंगरात, विद्यापीठाच्या पाठीमागे, औरंगाबाद लेणी आहेत. सकाळी लवकर तिथे चढून जा. लेणी बघण्याआधी पाठ फिरवा आणि शहराकडे बघा. समोर मकबऱ्याचा घुमट दिसेल. त्याच्या पलीकडे शहर पसरलेलं. दक्षिणेला साताऱ्याचे डोंगर. या दोन डोंगरांच्या मध्ये एक खोलगट भाग आहे आणि त्यातून खाम नदी वाहते. आता तिला नदी म्हणायला जीभ अडखळते, पण शहर वसलं ते तिच्या काठी. एवढं एकदा डोळ्यांत भरून घेतलं, की पुढचं सगळं आपोआप उलगडतं. उत्तरेचा डोंगर उंच, शहर सखल. म्हणजे पाणी कुठून कुठे येणार? उतारानं खाली येणार. हे शहर त्या उताराचं अपत्य आहे.

आता लेण्यांकडे वळा. ही बहुतेक सहाव्या-सातव्या शतकातली, फक्त चौथ्या क्रमांकाचं चैत्यगृह बरंच जुनं. जेम्स बर्जेस नावाच्या स्कॉटिश गृहस्थानं १८७८ सालच्या अहवालात त्यांचं सविस्तर वर्णन केलं. तो पुढे भारतीय पुरातत्त्व खात्याचा प्रमुख झाला आणि १९१६ साली एडिनबरोत वारला. अजिंठा-वेरूळच्या अभ्यासाचा पाया ज्यानं घातला तो जेम्स फर्ग्युसनही स्कॉटलंडचाच. तिकडची माणसं इथे येऊन आपली लेणी मोजत होती, आणि आपण रिक्षावाल्याला विचारतो, 'इथे पण लेणी आहेत काय हो?'

सातव्या लेण्यात दाराच्या बाजूला अवलोकितेश्वराचं एक मोठं शिल्प आहे. मधोमध बोधिसत्त्व उभा आणि दोन्ही बाजूंना छोटी छोटी दृश्यं. आग लागली आहे, चोर तलवार घेऊन आलाय, जहाज बुडतंय, सिंह, साप, हत्ती अंगावर येतोय, कुणी बेड्यांत अडकलंय, आणि शेवटचं भय मृत्यूचं. प्रत्येक दृश्यात माणसं हात जोडून धावा करताहेत. ही आठ भयं म्हणजे त्या काळच्या प्रवाशाची भयं. पैठणहून माल घेऊन निघालेला व्यापारी या डोंगराखालून जाताना नेमक्या याच गोष्टींना भीत असणार. म्हणजे आपल्या शहराच्या माथ्यावर, शहर वसण्याच्या हजार वर्षं आधी, कुणीतरी प्रवाशांसाठी एक आश्वासन कोरून ठेवलं होतं. गाभाऱ्यात नर्तकी आणि वाद्यं वाजवणाऱ्या स्त्रियांचं दृश्यही आहे, ते चुकवू नका. बॅटरी सोबत ठेवा, आत अंधार असतो.

आता शहरात उतरू. १६१० साली मलिक अंबरनं खडकी इथे हे शहर वसवलं. तो जन्मानं हबशी, लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. दख्खनमध्ये आला आणि निजामशाहीचा कारभार पेलणारा मुत्सद्दी झाला. मुघलांशी तो आयुष्यभर झुंजला. शहाजीराजेही त्याच्या बाजूनं लढले आहेत. त्यानं राजधानीची जागा घेतली खरी, पण नदी बेताची, पाऊस बेभरवशाचा. मग त्यानं डोंगराच्या पायथ्याशी, हर्सूलच्या बाजूला, जमिनीखालून बोगदे खणवले. काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपणारं पाणी त्या बोगद्यांत गोळा व्हायचं आणि हलक्या उतारानं शहराकडे यायचं. साफसफाईसाठी ठरावीक अंतरावर उभ्या विहिरींसारखी तोंडं ठेवली होती. वाटेत दगडी मनोरे होते, त्यांतून पाणी वर चढून पुन्हा खाली उतरायचं, म्हणजे कोंडलेली हवा निघून जायची आणि दाब ताब्यात राहायचा. मोट नाही, रहाट नाही, पंप तर नाहीच. याला नहर-ए-अंबरी म्हणतात. एडिनबरोत नळानं पाणी आलं ते १६७० च्या दशकात, कॉमिस्टनच्या झऱ्यांवरून. तेही उतारानंच आणलं, रॉयल माइलवर त्या काळच्या दगडी पाणवठ्यांच्या खुणा अजून उभ्या आहेत. आपली नहर त्याच्या पन्नासेक वर्षं आधीची. त्यांचे पाणवठे फोटोत येतात, आपली नहर जमिनीखाली आहे, म्हणून ती कुणाच्याच यादीत नाही.

पण या नहरीची धाकटी बहीण यादीत आहे. पाणचक्की! लोक तिथे जातात, हौदातले मासे बघतात, वडाखाली बसतात आणि परत येतात. बाबा शाह मुसाफिर या सूफी संताच्या दर्ग्याचा हा परिसर. डोंगराकडच्या झऱ्याचं पाणी मातीच्या नळांतून काही किलोमीटर आणलं, एका उंच भिंतीत चढवलं, आणि तिथून ते हौदात कोसळतं. त्याच पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं आणि फकिरांसाठी, यात्रेकरूंसाठी, अनाथांसाठी पीठ निघायचं. हौदाचा तळ हेच खालच्या दालनाचं छत आहे, त्यामुळे भर उन्हाळ्यात ते दालन थंड राहतं. एकच पाणी किती कामं करतंय बघा. डोळ्याला सुख देतंय, दळण दळतंय, खोली गार ठेवतंय आणि शेवटी नदीला मिळतंय. रथाचे भाग जोडलेले असतात म्हणजे काय, हे समजायला याहून सोपं उदाहरण मला माहीत नाही.

पाणचक्कीपासून मकबरा जवळच. औरंगजेबाची पत्नी दिलरस बानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. प्रवेशद्वारावर अताउल्ला हा वास्तुकार आणि हंसपत राय हा अभियंता, अशी दोन नावं आहेत. लोक येतात आणि म्हणतात, 'ताजमहालाची नक्कल.' आणि विषय संपवतात. अहो, नक्कल म्हटलं की पाहणं थांबतं. जरा जवळ जा. खालचा पट्टा संगमरवराचा, वरचा घुमट संगमरवराचा, मधला भाग आपल्याच काळ्या दगडाचा आणि त्यावर चुन्याचा गिलावा. त्या गिलाव्यावरची नाजूक नक्षी बोटभर अंतरावरून बघा. पैसा कमी होता म्हणून कारागिरांनी हात आखडला नाही. आत गेल्यावर कबर खाली आहे, आपण वरून जाळीच्या कठड्यापलीकडे बघतो. मग दुसऱ्या दिवशी खुलताबादला गेलात, की तिच्या नवऱ्याची कबर बघा. आकाशाखाली, साधी, छप्पर नसलेली. त्याच गावात मलिक अंबरचीही कबर आहे. ज्यानं शहर वसवलं तो आणि ज्यानं त्याला स्वतःचं नाव दिलं तो, दोघेही शहराबाहेर एकाच गावात विसावलेत.

नावावरून आठवलं. खडकी, फतेहनगर, औरंगाबाद, छत्रपती संभाजीनगर. चारशे वर्षांत चार नावं. नावावर माणसं भांडतात, हळवी होतात. ते स्वाभाविक आहे, नाव म्हणजे आठवण असते. पण नागसेन इथेही मदतीला येतात. नाव हा व्यवहाराचा संकेत आहे. नावं बदलली तेव्हाही पाणी त्याच डोंगरावरून त्याच उतारानं येत होतं.

आता दरवाजे. 'बावन्न दरवाजांचं शहर' असं आपण अभिमानानं सांगतो, आणि त्यातले मोजकेच शिल्लक आहेत. यातला भडकल दरवाजा सगळ्यांत जुना, १६१२ सालचा, मलिक अंबरनं मुघलांवरच्या विजयाची आठवण म्हणून उभारलेला. आज त्याच्यासमोर बाबासाहेबांचा पुतळा आहे आणि १४ एप्रिलला तिथे पाय ठेवायला जागा नसते. दरवाजांची नावं नीट ऐका. दिल्ली दरवाजा उत्तरेला, पैठण दरवाजा दक्षिणेला, मक्का म्हणजे आपला मकई दरवाजा पश्चिमेला. हे शहर कुणाशी बोलत होतं, त्याचे पत्तेच आहेत हे. दिल्लीशी सत्तेचं नातं, पैठणशी सातवाहनांपासूनचं व्यापाराचं आणि संतांचं, मक्केशी श्रद्धेचं. दरवाजा म्हणजे दोन बाजूंना जोडणारी वस्तू. पण औरंगजेबाच्या काळात बांधलेला तट बहुतेक गेला. तट गेला आणि रस्त्याच्या मधोमध दरवाजा एकटा उरला. आता वाहनचालकाला तो अडथळा वाटतो. त्याचा दोष नाही. संदर्भ काढून घेतलेल्या वस्तूचं तेच होतं. रथ मोडून चाक रस्त्यात टाकलं, तर ते ठेच लागण्यापुरतंच उरतं.

माझा खरा मुद्दा इथे आहे. यादी करून पाहण्यानं फक्त पाहुण्याचं नुकसान होत नाही. शहराचंही होतं. यादीत जे असतं त्याला तिकीट लागतं, कुंपण लागतं, दिवे लागतात. जे जोडतं ते यादीत नसतं, म्हणून ते बुजतं. नहरीवर घर बांधलं जातं, रस्ता खणताना मातीचा नळ फुटतो, आणि फोडणाऱ्याला आपण काय फोडलं हे कळतही नाही. कसं कळणार? त्याला कुणी दाखवलेलंच नव्हतं. न पाहिलेली गोष्ट वाचवता येत नाही.

कुणी म्हणेल, 'सर, जुन्या नहरीनं आजच्या शहराची तहान भागणार आहे का?' नाही भागणार. ती तेव्हाच्या लहान शहरासाठी होती. आज आपलं पाणी पैठणच्या जायकवाडी धरणावरून, पन्नासेक किलोमीटरवरून, वर चढवून येतं. आणि कित्येक वर्षं नळाला काही दिवसांआड पाणी येणं आपल्या अंगवळणी पडलंय. मी नहरीचं गुणगान करून पंप बंद करा म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो, की ज्या शहराला आपला उतार ठाऊक आहे, ते शहर पावसाचं पाणी कुठे मुरतं, कुठे अडतं, नदी कुठे श्वास घेते, याचा विचार करील. ज्याला ठाऊक नाही, ते फक्त टँकरची वाट बघेल.

एका श्रोत्यानं चिठ्ठी पाठवली आहे: 'दोन दिवसांसाठी पाहुणे येणार आहेत. नेमकं काय दाखवू?' चांगला प्रश्न आहे. तत्त्वज्ञानाच्या माणसाला असं जमिनीवर आणलं पाहिजे.

पहिल्या दिवशी सकाळी सातच्या सुमारास लेणी. तिथून शहराची मांडणी दाखवा, मगच आत न्या. उतरताना सोनेरी महालातलं छोटं संग्रहालय आणि विद्यापीठाचा परिसर. ऊन चढायच्या आत मकबरा. दुपारी पाणचक्की, त्या थंड दालनाची गोष्ट सांगा. तिथून नागसेनवनाला एक फेरी मारून मिलिंदाची ओळख करून द्या. संध्याकाळी महमूद दरवाजा, मकई दरवाजा, भडकल, मग गुलमंडी आणि पैठण गेट, हे पायी करा. गर्दी असेल, असू द्या. हिमरूचं कापड बघा, सुती ताण्यावर रेशमाचा बाणा कसा चालतो ते विणकराला विचारा. मांसाहारी असतील तर नान-कलिया खाऊ घाला.

दुसरा दिवस एका रस्त्याचा. देवगिरी, मग खुलताबाद, मग वेरूळ. देवगिरी यादवांची राजधानी, १३२७ मध्ये तुघलकानं दिल्लीहून राजधानी आणली तीही इथेच. किल्ला उन्हाआधी चढा. वेरूळला चौतीस लेणी आहेत, सगळी बघायचा हट्ट नको. कैलास नीट बघा, एक बौद्ध आणि एक जैन लेणं बघा. तीन धर्म एकाच कड्यावर शेजार करून राहिले, हे एवढ्यात कळतं. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी, हे आधी बघून ठेवा. अजिंठा शंभर किलोमीटरवर आहे, त्याला पुरा दिवस द्या. दोन दिवसांत तो कोंबू नका.

आणि पाहुणे नसले तरी एक रविवार स्वतःसाठी काढा. नातवंडांना बरोबर घ्या. लेण्यांवरून त्यांना विचारा, 'पाऊस पडला तर पाणी कुठून कुठे जाईल?' ती बोटानं वाट दाखवतील. त्यांच्या बोटाच्या मागे मागे पायऱ्या उतरा आणि शहरात या.

वेळ संपली आहे, आयोजक घड्याळाकडे बघताहेत.